माऊसचे निर्देशक चुकतात: चूक कशी वाढते ते पाहा, कारण सापडते

वेबपानावर क्लिक केले त्या जागी ठिपका उमटायला हवा आणि तो बोटभर बाजूला उमटतो. पानाच्या वरच्या भागात सगळे ठीक चालते, पण पान खाली सरकवले की टूलटिप, म्हणजे पॉइंटरजवळची माहितीची छोटी चौकट, भलतीकडेच दिसते. एका स्क्रीनवर रेघ पॉइंटरच्या टोकाला चिकटून येते, दुसऱ्या स्क्रीनवर मागे राहते. या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी पहिला उपाय तोच केला जातो: कोडमध्ये कुठेतरी '− १२' किंवा '+ ८' घालून ठिपका जागेवर ओढायचा. हा उपाय करू नका. तो आकडा त्या एका खिडकीपुरता, त्या एका रुंदीपुरता खरा असतो. मांडणी जराशी बदलली की चूक परत येते आणि आता ती शोधणे आणखी अवघड झालेले असते.

ब्राउझर पॉइंटरच्या जागेचा जो आकडा, म्हणजे निर्देशक, देतो तो जवळजवळ नेहमी बरोबर असतो. गडबड होते ती आरंभबिंदूत. आकडा एका कोपऱ्यापासून मोजलेला असतो आणि आपण तो दुसऱ्याच कोपऱ्यापासूनचा समजून वापरतो. म्हणून दुरुस्तीआधी एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा कुठून मोजलाय आणि मी तो कुठून मोजल्यासारखा वापरतोय?

नावांबद्दल एक सूचना. इथे गुणधर्मांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची: पहिला शब्द लहान अक्षरांत, पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे, आणि शेवटचा एक्स किंवा वायसुद्धा मोठा. तो एक्स चुकून लहान लिहिला तर जावास्क्रिप्ट काही तक्रार करत नाही, गुपचूप 'अनडिफाइन्ड' देते. त्यात काही मिळवले की 'नॅन' (आकडा नसलेले मूल्य) होतो, 'नॅन'ला 'पीएक्स' जोडून स्टाइलमध्ये घातले की ब्राउझर ते मूल्य टाकून देतो आणि घटक जागचा हलतच नाही. घटक अजिबात हलत नसेल तर भूमितीत शिरण्याआधी कन्सोलमध्ये आकडा छापून पाहा.

आधी तपासणीचा ठिपका लावा

पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढचे तास वाचतात. एक डिव्ह (एचटीएमएलमधला साधा चौकोनी घटक) तयार करा: रुंदी ६ आणि उंची ६ पिक्सेल, लाल पार्श्वभूमी, पोझिशन फिक्स्ड (पान सरकले तरी खिडकीत जागेवर राहणारे), झेड-इंडेक्स भरपूर मोठा, आणि पॉइंटर-इव्हेंट्स नन. शेवटचा गुणधर्म विसरू नका, नाहीतर ठिपकाच पॉइंटरखाली येऊन इव्हेंट (ब्राउझर कळवतो ती क्लिकची किंवा हालचालीची घटना) गिळेल. हा डिव्ह बॉडीत न जोडता थेट मुळाच्या एचटीएमएल घटकाला जोडा. माऊसमूव्हच्या हँडलरमध्ये (माऊस हलला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) त्याचा लेफ्ट 'क्लायंटएक्स − ३' पिक्सेल आणि टॉप 'क्लायंटवाय − ३' पिक्सेल ठेवा.

लाल ठिपका पॉइंटरबरोबर नीट फिरत असेल तर वाचन बरोबर आहे, आणि चूक पुढच्या रूपांतरात किंवा घटक मांडण्यात आहे. बहुतेक वेळा हेच निघते. आता मूळ ठिपका आणि लाल ठिपका यांच्यातले अंतर पाहा. ते अंतर कशाने बदलते, यावरून कारण ओळखता येते.

अंतर सगळीकडे सारखेच असेल, म्हणजे पानाच्या कुठल्याही कोपऱ्यात तेवढेच, तर मार्जिन, बॉर्डर, पॅडिंग किंवा पोझिशन रिलेटिव्ह असलेला बाप-घटक शोधा. पान सरकवले की अंतर तेवढेच वाढत असेल तर स्क्रोल एकदा कमी किंवा एकदा जास्त धरला गेलाय. डाव्या-वरच्या कोपऱ्यात अंतर शून्य आणि उजवीकडे-खाली जाताना ते वाढत असेल तर मापपट्टीच वेगळी आहे: कॅनव्हासचा आकार, स्केल किंवा डिव्हाइस पिक्सेलचे गुणोत्तर. आणि ठिपका मध्येच उड्या मारत असेल, ठरावीक जागांवर गेल्यावरच, तर आकडा आतल्या लहान घटकापासून मोजला जातोय. पाचवा प्रकार वेळेशी बांधलेला असतो: सुरुवातीला बरोबर, खिडकीचा आकार बदलल्यावर किंवा एखादे चित्र उशिरा लोड झाल्यावर चूक. तिथे कुठेतरी जुने माप जपून ठेवलेले असते.

कोणता आकडा कुठून मोजतात

क्लायंटएक्स आणि क्लायंटवाय हे पानाच्या दिसणाऱ्या चौकटीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजतात. नुसते 'एक्स' आणि 'वाय' हे त्यांचेच दुसरे नाव. वाय खालच्या दिशेने वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. कोन काढताना चिन्ह चुकते ते यामुळेच.

पेजएक्स आणि पेजवाय संपूर्ण दस्तऐवजाच्या कोपऱ्यापासून मोजतात, म्हणजे क्लायंट अधिक पानाचा स्क्रोल. पान ६४० पिक्सेल खाली सरकलेले असताना क्लायंटवाय २१० असेल तर पेजवाय ८५० येतो.

स्क्रीनएक्स आणि स्क्रीनवाय संगणकाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यापासून मोजतात. मुख्य स्क्रीनच्या डावीकडे दुसरी जोडलेली असेल तर स्क्रीनएक्स ऋण येऊ शकतो. पानातले काहीही मांडायला हे दोन्ही वापरू नका. ब्राउझरची टॅबपट्टी आणि पत्त्याची पट्टी त्यात मोजली जाते.

ऑफसेटएक्स आणि ऑफसेटवाय हे इव्हेंटच्या टार्गेटच्या, म्हणजे पॉइंटरखालच्या सर्वात आतल्या घटकाच्या, पॅडिंगच्या कडेपासून मोजतात, म्हणून पॉइंटर बॉर्डरवर असताना आकडा ऋण येऊ शकतो. लेयरएक्स प्रमाणित नाही, जुन्या कोडमध्ये दिसला तर काढून टाका. मूव्हमेंटएक्स मागच्या हालचालीपासूनचा फरक देतो, पण त्याचे एकक ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे बदलते. जागा काढण्यासाठी त्याची बेरीज करत बसू नका; पॉइंटर लॉक (खेळांसारख्या पानात पॉइंटर लपवून अडकवून ठेवणे) चालू असताना क्लायंटएक्स गोठतो तेव्हा मात्र तोच कामाचा असतो.

स्क्रोलबरोबर वाढणारी चूक

सर्वात जास्त दिसणारी. पोझिशन फिक्स्ड असलेल्या घटकाला पेजवाय दिला, किंवा पोझिशन ॲब्सोल्यूट असलेल्याला क्लायंटवाय दिला, की हे होते. जोड्या लक्षात ठेवा: फिक्स्डला क्लायंट, दस्तऐवजापासून मोजलेल्या ॲब्सोल्यूटला पेज.

'दस्तऐवजापासून मोजलेल्या' ही अट महत्त्वाची आहे. ॲब्सोल्यूट घटकाचा लेफ्ट आणि टॉप हा जवळच्या पोझिशन दिलेल्या पूर्वज-घटकाच्या पॅडिंगच्या कडेपासून धरला जातो. बॉडीला पोझिशन रिलेटिव्ह दिलेले असेल आणि तिचे मुळातले ८ पिक्सेल मार्जिन तसेच असेल, तर पेजएक्स वापरूनही घटक ८ पिक्सेल उजवीकडे पडतो. नेमकी ८ ची स्थिर चूक दिसली की आधी हेच तपासा. खात्रीचा मार्ग असा: ज्या पूर्वजापासून घटक मांडला जातो त्याचा गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट (खिडकीपासून मोजलेला घटकाचा चौकोन, पुढे नुसता 'रेक्ट') घ्या, क्लायंटएक्समधून त्याचा लेफ्ट वजा करा, त्याची डावी बॉर्डर म्हणजे क्लायंटलेफ्ट वजा करा, आणि तो पूर्वज स्वतः आत सरकणारा असेल तर त्याचा स्क्रोललेफ्ट मिळवा.

हा शेवटचा भाग बरेचदा सुटतो. पेजएक्समध्ये फक्त पानाचा स्क्रोल असतो. आतल्या एखाद्या डिव्हला ओव्हरफ्लो ऑटो असेल आणि लांबलचक यादी त्यात सरकत असेल, तर त्या सरकण्याची पेजवायला काहीच खबर नसते. सध्याच्या बऱ्याच पानांत बॉडी अजिबात सरकत नाही, सगळे एका मोठ्या डिव्हमध्ये सरकते. तिथे पेजवाय आणि क्लायंटवाय नेहमी सारखेच येतात आणि माणूस चक्रावतो.

फिक्स्ड घटकालाही क्लायंटच्या आकड्यांनी चूक येते, ती वेगळ्या कारणाने. त्याच्या कोणत्याही पूर्वजाला ट्रान्सफॉर्म, पर्स्पेक्टिव्ह, फिल्टर किंवा या गुणधर्मांसाठी विल-चेंज दिलेले असेल, तर फिक्स्ड घटक खिडकीपासून न मोजता त्या पूर्वजापासून मोजला जातो. कार्डावर पॉइंटर नेला की कार्ड ॲनिमेशनने किंचित वर उचलले जाते आणि त्याच्या आतली टूलटिप नेमकी तेव्हाच पळते, ते यामुळे. टूलटिप कार्डाच्या आत न ठेवता बॉडीच्या शेवटी जोडा, प्रश्नच संपतो.

जुन्या स्क्रिप्ट उचलून आणल्या की त्यात डॉक्युमेंट-बॉडीचा स्क्रोलटॉप क्लायंटवायमध्ये मिळवलेला दिसतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या ८ पर्यंतच्या आवृत्त्यांत पेजएक्स नव्हता, म्हणून ती पद्धत पडली. प्रमाणित पद्धतीच्या पानात, म्हणजे डॉकटाइप असलेल्या पानात, सरकतो तो मुळाचा एचटीएमएल घटक, आणि बॉडीचा स्क्रोलटॉप ० येतो. क्रोममध्ये २०१७ साली आलेल्या ६१ व्या आवृत्तीपासून हेच वर्तन आहे. त्याआधी तिथे बॉडीचाच आकडा मिळायचा, त्यामुळे तेव्हा चालणारा कोड नंतर बिघडला. आता विंडोचा स्क्रोलएक्स आणि स्क्रोलवाय वापरा. जुन्या कोडची आणखी एक खोड: लेफ्टला नुसता आकडा देणे, 'पीएक्स' न जोडता. डॉकटाइप नसलेल्या पानात ते चालून जायचे, डॉकटाइप घातले की ब्राउझर ते मूल्य नाकारतो.

आणि एक साधी गोष्ट: पॉइंटर स्थिर असताना चाकाने पान सरकवले तर क्लायंटवाय तोच राहतो, पण त्याखालचा दस्तऐवज बदलतो. स्क्रोल इव्हेंटमध्ये निर्देशक नसतात, आणि 'पॉइंटर आत्ता कुठे आहे' असे ब्राउझरला मधूनच विचारायची सोयही नाही. म्हणून शेवटच्या हालचालीचे क्लायंटएक्स आणि क्लायंटवाय जपून ठेवा, पेजचे नको. गरज पडेल तेव्हा त्या क्षणाचा स्क्रोल त्यात मिळवा.

कॅनव्हास: दोन आकार, एकच चौकोन

कॅनव्हासला, म्हणजे कोडने चित्र काढायच्या घटकाला, दोन वेगळे आकार असतात. विड्थ आणि हाइट हे त्याचे ॲट्रिब्यूट म्हणजे आत किती ठिपक्यांची जाळी आहे ते. काहीच दिले नाही तर ३०० गुणिले १५०. सीएसएसमधली रुंदी-उंची म्हणजे ती जाळी पानावर किती जागेत ताणून दाखवायची ते. दोन्ही सारखे नसतील तर पानावरचा एक पिक्सेल म्हणजे जाळीतला एक ठिपका नव्हे.

उदाहरण घ्या. जाळी ८०० गुणिले ६००, पानावर दिसते ४०० गुणिले ३०० मध्ये, कॅनव्हासचा कोपरा खिडकीपासून ४० डावीकडून आणि १२० वरून. क्लिकचे क्लायंट निर्देशक २४० आणि २७०. कोपरा वजा केला की २०० आणि १५०, म्हणजे दिसणाऱ्या चित्राचा बरोबर मध्य. हेच आकडे घेऊन ठिपका काढला तर तो जाळीतल्या २००, १५० वर पडतो आणि पानावर १००, ७५ वर दिसतो: मध्यावर क्लिक, ठिपका पाव अंतरावर. दोनाने गुणले की ४००, ३०० येतात आणि ठिपका जागेवर बसतो. तो 'दोन' कोडमध्ये हाताने लिहू नका. दर वेळी मोजा.

बॉर्डर आणि स्केल दोन्ही सांभाळणारे सूत्र असे:

स्थानिक एक्स = (क्लायंटएक्स − रेक्टचा लेफ्ट) × (ऑफसेटविड्थ ÷ रेक्टची विड्थ) − क्लायंटलेफ्ट

जाळीतला एक्स = स्थानिक एक्स × (कॅनव्हासची विड्थ ÷ क्लायंटविड्थ)

वायसाठी टॉप, हाइट आणि क्लायंटटॉप घालून हेच. क्रम महत्त्वाचा आहे: बॉर्डरसुद्धा स्केलबरोबर जाड होते, म्हणून ती स्केल काढून टाकल्यावर वजा करायची. कॅनव्हासला पॅडिंग असेल तर हे सूत्र पुरत नाही. पॅडिंग आणि शक्य तर बॉर्डरही कॅनव्हासभोवतीच्या डिव्हला द्या, कॅनव्हास उघडा ठेवा. कॅनव्हासला ऑब्जेक्ट-फिट कंटेन दिले असेल तर चित्राच्या दोन बाजूंना रिकाम्या पट्ट्या पडतात आणि त्यातल्या एका बाजूच्या पट्टीची रुंदीही वजा करावी लागते. त्यापेक्षा आस्पेक्ट-रेशो देऊन चौकटच चित्राच्या मापाची करणे सोपे.

एका स्क्रीनवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक, हे डिव्हाइसपिक्सेलरेशोमुळे, म्हणजे एका सीएसएस पिक्सेलमागे स्क्रीनचे किती ठिपके या गुणोत्तरामुळे, होते. स्क्रीनचे प्रमाण १२५ टक्के ठेवलेल्या संगणकावर तो १.२५ असतो, दाट स्क्रीनवर २ किंवा ३, आणि ब्राउझरचा झूम बदलला की संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरांत तोही बदलतो. क्लायंटएक्स मात्र कायम सीएसएस पिक्सेलमध्येच येतो. रेघा ठसठशीत दिसाव्यात म्हणून जाळी या गुणोत्तराने मोठी करतात, ते योग्यच. पण मग चित्र कोणत्या मापात काढायचे ते एकदाच ठरवा. संदर्भाला म्हणजे काँटेक्स्टला (कॅनव्हासवर ज्यातून चित्र काढतात त्या वस्तूला) गुणोत्तराइतका स्केल दिला असेल तर चित्र सीएसएस पिक्सेलमध्ये काढले जाते आणि पॉइंटरचा स्थानिक एक्स तसाच चालतो. स्केल दिला नसेल तर वरच्या दुसऱ्या ओळीने जाळीच्या मापात न्या. दोन्ही केले की गुणोत्तर दोनदा लागते आणि चूक उजवीकडे वाढत जाते. कॅनव्हासची विड्थ नव्याने ठेवली की काँटेक्स्टचा स्केल पुसला जातो, हेही विसरायला होते: खिडकीचा आकार बदलल्यावरच चूक सुरू होत असेल तर स्केल परत दिलाय का ते बघा. तिथे 'स्केल' ऐवजी 'सेटट्रान्सफॉर्म' वापरा, म्हणजे एकावर एक साचत नाही.

नकाशासारखे चित्र सरकवता आणि मोठे करता येत असेल तर सरकण्याचे आणि मोठेपणाचे आकडे हाताने वजा करत बसण्यापेक्षा काँटेक्स्टचा गेटट्रान्सफॉर्म घ्या, त्याचा इन्व्हर्स म्हणजे उलट रूपांतर काढा आणि जाळीतला बिंदू ट्रान्सफॉर्मपॉइंटमधून काढा. मिळेल तो चित्राच्या जगातला बिंदू.

अपूर्णांकांची तयारी ठेवा. क्लिकचे आकडे पूर्णांक येत असले तरी रेक्टचे लेफ्ट आणि टॉप बरेचदा अपूर्णांकात असतात, त्यामुळे वजाबाकीनंतर ११९.६ असे काही हाती येते. क्रोममध्ये पॉइंटरमूव्ह स्वतःही अपूर्णांक देऊ शकतो. चौकटींच्या पटावर कोणती चौकट दाबली ते काढताना भागाकारानंतर मॅथ-फ्लोअर वापरा, पार्सइंट नको. −०.४ चा फ्लोअर −१ येतो आणि 'पटाबाहेर' हे कळते. पार्सइंट त्याला ० करून पहिल्या चौकटीत ढकलतो. राउंड तर अजिबात नको, त्याने प्रत्येक चौकटीचा अर्धा भाग शेजारणीला जातो.

जोरात हात फिरवल्यावर रेघ तुटक होत असेल तर तो निर्देशकांचा दोष नाही. ब्राउझर दर फ्रेमला साधारण एकदाच इव्हेंट देतो. सुटे ठिपके काढू नका, मागच्या बिंदूपासून या बिंदूपर्यंत रेघ काढा. वळणे गुळगुळीत हवी असतील तर पॉइंटरमूव्हच्या गेटकोअलेस्ड-इव्हेंट्समधून मधले बिंदूही मिळतात.

फिरवलेला घटक

घटक रोटेटने फिरवला असेल तर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट त्याच्याभोवतीचा सरळ उभा चौकोन देतो. त्याचा कोपरा हा घटकाचा कोपरा नव्हेच, त्यामुळे वरचे सूत्र इथे कोसळते. एक गोष्ट मात्र खरी राहते: त्या चौकोनाचा मध्य आणि घटकाचा मध्य एकच असतो. म्हणून क्लायंट निर्देशकांतून रेक्टचा मध्य वजा करा. घटकाच्या गणित-स्टाइलमधून, म्हणजे गेटकॉम्प्युटेडस्टाइलमधून, ट्रान्सफॉर्म घेऊन त्याची डीओएममेट्रिक्स (रूपांतराच्या आकड्यांची सारणी) बनवा, तिचे सरकवण्याचे दोन आकडे, ई आणि एफ, शून्य करा, इन्व्हर्स काढा, वजाबाकीचा बिंदू त्यातून न्या, शेवटी ऑफसेटविड्थ आणि ऑफसेटहाइट यांचे निम्मे मिळवा. घटकाच्या स्वतःच्याच कोपऱ्यापासूनचे निर्देशक मिळतात. पूर्वजही फिरवलेले असतील तर त्यांच्या मेट्रिक्स बाहेरून आत या क्रमाने गुणाव्या लागतात. पर्स्पेक्टिव्हच्या त्रिमितीय मांडणीत ही युक्ती चालत नाही.

इथे ऑफसेटएक्स खरोखर उपयोगी पडतो, कारण त्याच्या व्याख्येतच ट्रान्सफॉर्म दुर्लक्षिलेले असते. टार्गेट नक्की तोच घटक असेल, तर एवढे गणित न करता ऑफसेटएक्स घ्या.

एसव्हीजीत, म्हणजे रेषा-आकारांच्या चित्रप्रकारात, मात्र ऑफसेटवर विसंबू नका. ज्या घटकाच्या मापात उत्तर हवे त्याचा गेटस्क्रीनसीटीएम घ्या, इन्व्हर्स काढा, क्लायंटएक्स-क्लायंटवायचा डीओएमपॉइंट बनवून मेट्रिक्सट्रान्सफॉर्म करा. नावात 'स्क्रीन' असले तरी त्याला क्लायंटचेच निर्देशक द्यायचे. व्ह्यूबॉक्स (चित्राची स्वतःची मापपट्टी) आणि गटांचे ट्रान्सफॉर्म त्यातच सामावतात.

उड्या मारणारे आकडे

ऐकणारा हँडलर बाहेरच्या डिव्हवर आहे, आत चिन्ह आहे, मजकूर आहे, बटण आहे. पॉइंटर चिन्हावर गेला की टार्गेट चिन्ह होते आणि ऑफसेटएक्स चिन्हाच्या कोपऱ्यापासून मोजला जातो: १८०, १८१, आणि एकदम ३. दोन उपाय आहेत. आतले घटक निव्वळ शोभेचे असतील तर त्यांना पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या. नाहीतर ऑफसेट सोडा आणि करंटटार्गेटचा, म्हणजे हँडलर ज्यावर लावलाय त्या घटकाचा, रेक्ट घेऊन वजाबाकी करा. दुसरा उपाय जास्त टिकाऊ, कारण उद्या कोणी आत नवा घटक घातला तरी तो मोडत नाही.

करंटटार्गेट हँडलर चालू असेपर्यंतच जिवंत असतो. सेटटाइमआउटच्या आत किंवा अवेटनंतर तो नल असतो. ऑफसेटएक्सचीही तीच गत: प्रमाणानुसार इव्हेंटचा प्रवास संपल्यावर तो पेजएक्सच परत देतो. म्हणून हँडलरच्या पहिल्या ओळीतच आकडे साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या, मग हवे ते करा.

टूलटिप लुकलुकत असेल, क्षणात दिसते क्षणात जाते, तर ती स्वतःच पॉइंटरखाली येतेय. तिला पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या, शिवाय पॉइंटरपासून १२ ते १६ पिक्सेल दूर ठेवा.

जुने माप

रेक्ट एकदाच पान लोड होताना घेऊन ठेवला की तो पहिल्या स्क्रोललाच शिळा होतो, कारण तो खिडकीपासून मोजलेला असतो. उशिरा आलेली चित्रे आणि फॉन्टही मांडणी हलवतात. दर इव्हेंटला नवा रेक्ट घ्या. 'हे महाग पडेल' ही भीती बहुधा अनाठायी असते. महाग पडते ते एकाच हँडलरमध्ये आधी स्टाइल बदलून मग रेक्ट मागणे, त्याने ब्राउझरला मांडणी तिथल्या तिथे पुन्हा मोजावी लागते. आधी सगळी वाचने, मग सगळी लेखने. आणि लेखन रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेमच्या आत.

ओढताना आणि बोटाने

वस्तू पकडली की तिचा कोपरा टुणकन पॉइंटरखाली येतो? पकडण्याच्या जागेचे अंतर ठेवलेले नाही. पॉइंटरडाउनच्या वेळी 'क्लायंटएक्स − रेक्टचा लेफ्ट' जपून ठेवा आणि हलवताना दर वेळी तेवढे वजा करा.

टचस्टार्टच्या इव्हेंटवर क्लायंटएक्स नसतो. तो टचेसमधल्या पहिल्या स्पर्शावर असतो. टचएंडला, शेवटचे बोट उचलल्यावर, टचेस रिकामे असते आणि आकडे चेंज्डटचेसमध्ये मिळतात. हे दोन्ही वेगळे सांभाळण्यापेक्षा पॉइंटर इव्हेंट वापरा. २०१९ साली सफारी १३ मध्ये आल्यापासून ते सर्व प्रमुख ब्राउझरांत आहेत आणि माऊस, बोट, पेन तिघांनाही एकाच जागी क्लायंटएक्स देतात. बोटाने दोन-चार इव्हेंट येऊन पुढचे थांबत असतील तर ब्राउझरने ती हालचाल स्क्रोल समजून ताब्यात घेतली आणि पॉइंटरकॅन्सल पाठवला. ओढायच्या घटकाला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन द्या. पॉइंटरमूव्हमधला प्रिव्हेंटडिफॉल्ट इथे उपयोगाचा नाही. चित्र ओढताना संगणकावरही असेच थांबते, कारण ब्राउझर चित्राची आपली ओढाओढ सुरू करतो. ड्रॅगस्टार्टला प्रिव्हेंटडिफॉल्ट करा.

पॉइंटर घटकाबाहेर गेला की ओढणे सुटत असेल तर पॉइंटरडाउनमध्ये सेटपॉइंटरकॅप्चर करा. पुढचे सगळे इव्हेंट त्याच घटकाकडे येतात, टार्गेटही तोच राहतो, आणि खिडकीबाहेर गेल्यावर ऋण किंवा रुंदीपेक्षा मोठे आकडे येतात. ते कापून मर्यादेत आणणे तुमचे काम. ब्राउझरच्या अंगभूत ड्रॅग इव्हेंटवर मात्र जागा मोजू नका. सोडण्याच्या क्षणी शेवटचा ड्रॅग ०, ० देऊ शकतो आणि वस्तू कोपऱ्यात उडते. आकडे ड्रॅगओव्हरमधून घ्या.

आयफ्रेम आणि कळफलक

आयफ्रेमच्या (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या) आतला क्लायंटएक्स आयफ्रेमच्या कोपऱ्यापासून मोजतो, आणि आतले माऊस इव्हेंट बाहेरच्या पानापर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही पाने एकाच मूळ पत्त्याची असतील तर आयफ्रेम घटकाच्या रेक्टचा लेफ्ट आणि त्याची बॉर्डर मिळवा. मूळ पत्ता वेगळा असेल तर आतल्या पानाने पोस्टमेसेजने आकडे पाठवावे लागतात. पानाचे विभाजक ओढताना पॉइंटर आयफ्रेमवर गेला की ओढणे अडकते: ओढणे चालू असेपर्यंत आयफ्रेमला पॉइंटर-इव्हेंट्स नन द्या.

मेनू कधी कधी खिडकीच्या अगदी डाव्या-वरच्या कोपऱ्यात उघडत असेल तर क्लिक माऊसचे नव्हते. बटणावर एंटर दाबले किंवा कोडमधून क्लिक मेथड बोलावली तरी क्लिक इव्हेंट येतो, पण त्यात पॉइंटरची खरी जागा नसते. क्लिक मेथडने तर सरळ ०, ० येतात. अशा वेळी इव्हेंटचा डिटेल ० असतो. तो ० दिसला की निर्देशक वाचूच नका, घटकाचा रेक्ट घ्या आणि मेनू त्याच्या खालच्या कडेला लावा.